स्पोक की मॅगव्हील: नाशिकमध्ये पहिली मोठी गाडी घेताना

पहिली जरा दणकट गाडी घ्यायची म्हटलं की महिनाभर इंजिनावर खल होतो. साडेतीनशे सीसीची घ्यावी की दोनशेची, रॉयल एनफिल्डची क्लासिक की हंटर, का सरळ हिरोची एक्सपल्स. मग शोरूममध्ये एखादा रंग डोळ्यात भरतो, बुकिंगचे पैसे भरले जातात आणि चाक कुठलं आलं हे डिलिव्हरीच्या दिवशी कळतं. कारण रंग आणि चाक कंपन्या एकत्रच बांधून देतात. चाकं दोन प्रकारची: तारांची म्हणजे स्पोकची, आणि एकसंध ओतीव मिश्रधातूची म्हणजे मॅगव्हील. क्लासिक ३५० मध्ये मॅगव्हील मिळतं ते मुख्यतः काळ्या-करड्या 'डार्क' रंगांत. हंटरची रेट्रो स्पोकवर येते, त्यावरची मेट्रो मॅगव्हीलवर. बुलेट ३५० स्पोकचीच, एक्सपल्सही स्पोकचीच. म्हणजे रंगावर बोट ठेवलं की चाकाचा निर्णय आपोआप झालेला असतो. माझ्या मते तो आधी व्हावा, रंग मागून.

एक गोष्ट आधी साफ करू. स्पोकच्या गाडीच्या टायरवर कधीकधी 'ट्यूबलेस' असं छापलेलं असतं आणि माणूस निर्धास्त होतो. टायर ट्यूबलेस असला तरी रिमला प्रत्येक तारेच्या निपलसाठी (तार ताणून धरणाऱ्या छोट्या नटासाठी) भोक असतं, त्यातून हवा जाते, म्हणून आत ट्यूब असतेच. खात्री करायची तर व्हॉल्व्ह बघा. त्याच्या बुडाशी नट असेल आणि हाताने तो जरा आतबाहेर हलत असेल, तर आत ट्यूब आहे. ट्यूबलेसचा व्हॉल्व्ह बहुतेक वेळा जाड रबराचा असतो आणि रिमच्या भोकात घट्ट बसलेला असतो.

स्पोकच्या बाजूने बोलायचं तर बरंच आहे, आणि ते नुसतं दिसण्यापुरतं नाही. तारांचं चाक दणका खातं, थोडं वाकतं, पण सहसा तुटत नाही. कच्च्या रस्त्यावर दगडाची कड लागून रिमचा ओठ वाकला तरी आत ट्यूब असल्यामुळे हवा राहते आणि गाडी घरी येते. नंतर जाणता मेकॅनिक स्पोकच्या चावीने तारा ताणून, सैल करून 'आउट काढून', म्हणजे चाकाचा वाकडेपणा घालवून देतो. मॅगव्हीलचं तसं नाही. खड्ड्याच्या धारदार कडेवर जोरात आदळलं तर ओठ चेपतो, टायरची कड तिथे नीट बसत नाही आणि हवा झिरपत राहते. चीर गेली तर वेल्डिंग करून देणारे भेटतील, पण पुढच्या चाकाला तसलं वेल्डिंग मी कुणाला सुचवणार नाही, नवीनच घ्यावं लागतं. निर्गुडपाड्याच्या बाजूने हरिहरच्या पायथ्याला, किंवा सुरगाण्याच्या आतल्या पाड्यांवर दर आठवड्याला जाणार असाल, तर स्पोकला माझा अजिबात विरोध नाही.

तारांना देखभाल लागते, पण फार नाही. पहिल्या सर्व्हिसला तारा ताणून घ्यायच्या आणि पुढे महिन्यातून एकदा स्क्रू-ड्रायव्हरच्या दांड्याने एकेक तार वाजवून बघायची. ताणलेली तार टणटणीत वाजते, सैल असेल ती बद्द आवाज करते. दोनतीन तारा शेजारीशेजारी सैल झाल्या की उरलेल्यांवर भार येतो आणि मग त्या तुटायला लागतात. इगतपुरी-त्र्यंबकचा पाऊस अंगावर घेतला की निपलपाशी गंज धरतो आणि गंजलेलं निपल फिरवायला गेलं की तारच पिळते. पावसाळ्यात तिथे तेलाचा एक थेंब सोडत गेलात तर पुढचा त्रास टळतो. धुवायला अर्थातच दुप्पट वेळ.

इथपर्यंत सामना बरोबरीचा आहे. माझ्यापुरतं पारडं झुकलं ते एकाच कटकटीने: मागच्या चाकाचं पंक्चर.

नाशिकमध्ये पंक्चर होतं कशाने ते आधी पाहू. सातपूर-अंबडच्या एमआयडीसीत लेथवरचा लोखंडी कीस ट्रॉलीतून सांडतो आणि त्याचे धारदार वेटोळे टायरमध्ये सहज शिरतात. दिंडोरी, निफाडकडे द्राक्षबागांच्या मांडवाच्या तारेचे तुकडे रस्त्याच्या कडेला पडलेले असतात. गिरणाऱ्याच्या पुढे, पेठ रोडला आत वळलं की कुंपणाच्या बाभळीच्या काट्या. त्यात २०२७ च्या सिंहस्थासाठी चाललेली रस्त्यांची कामं, म्हणजे खडी आणि बाइंडिंग तार. आणि मुंबईकडे जाताना समृद्धीवर दुचाकीला बंदी, त्यामुळे आपल्याला कसारा घाटच उतरावा लागतो. पंक्चर तिथे झालं तर गाडी उभी करायला धड जागाही मिळेलच असं नाही.

ट्यूब फुटली की हवा तारांच्या भोकांतून आणि व्हॉल्व्हच्या कडेने जाते. खिळा मोठा असेल तर काही क्षणांत चाक बसतं आणि मागची बाजू डुलायला लागते. (नवशिक्यांसाठी: थ्रॉटल हळूच सोडा, जे चाक चांगलं आहे त्याचाच ब्रेक हलका लावा, हँडलशी झटापट करू नका.) ट्यूबलेसमध्ये तोच खिळा भोकात बुचासारखा बसतो, हवा हळूहळू जाते. पुष्कळदा घरी पोहोचेपर्यंत कळतही नाही.

पण खरी कटकट यानंतर सुरू होते. ट्यूबचं पंक्चर काढायला मागचं चाक बाहेर काढावं लागतं. डबल स्टँड नसेल तर गाडी दगडावर, नाहीतर दुसऱ्याच्या खांद्यावर टेकवायची. चाक ज्या दांड्यावर फिरतं त्या अ‍ॅक्सलचा नट सोडवायचा, आणि टूलकिटमधला पाना इतका आखूड असतो की पाय देऊनही नट हलत नाही. मग चेन अ‍ॅडजस्टर सैल करून चेन स्प्रॉकेटवरून (मागच्या दातेरी चक्रावरून) उतरवायची. डिस्क ब्रेक असेल तर कॅलिपर (पॅडनी डिस्क चिमटीत धरणारा भाग) सांभाळायचा. चाक बाहेर असताना कुणी गंमत म्हणून पेडल दाबलं तर पॅड जवळ येतात आणि डिस्क परत आत जात नाही. म्हणून दोन पॅडमध्ये पुठ्ठ्याचा तुकडा घालून ठेवायचा.

महामार्गावरचे बरेच पंक्चरवाले ट्रकवर हात बसलेले. दुचाकीचं मागचं चाक, त्यात डिस्क, म्हटलं की "चाक काढून आणा" असं ऐकायला मिळतं. जो करतो त्याच्या हातून दोन चुका नेहमी होतात. पहिली, ट्यूबला ठिगळ लागतं पण टायरमधला काटा तसाच राहतो. आतून सगळीकडे कापडाचा बोळा फिरवला की काट्याला अडकतो. ते न करता टायर चढवला की दुसऱ्या दिवशी त्याच जागी पुन्हा पंक्चर. दुसरी, टायरची शेवटची वीतभर कड लिव्हरने (टायर काढण्या-चढवण्याच्या लोखंडी पट्टीने) जोरात चढवताना ट्यूब रिम आणि लिव्हरमध्ये चिमटते. हवा भरल्यावर ठीक वाटतं, पाचदहा किलोमीटरवर पुन्हा चाक बसतं आणि दोष ठिगळाला दिला जातो. उपाय साधा आहे. ट्यूब गोल होण्यापुरती थोडी हवा आधी भरायची, टाल्कम पावडर चोळायची, समोरच्या बाजूची कड रिमच्या मधल्या खोलगट भागात पायाने दाबून धरायची आणि शेवट व्हॉल्व्हपाशी करायचा. मग लिव्हरला जोर लागतच नाही.

चाक परत बसवताना दोन्ही बाजूंचे अ‍ॅडजस्टर सारख्या खुणेवर यायला हवेत, नाहीतर चेन तिरकी ओढते. चेनची ढिलाई गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे, बऱ्याच गाड्यांना २५ ते ३५ मिलिमीटरच्या आसपास. घाईत हे कुणी मोजत नाही. म्हणजे एका काट्यापायी ब्रेक, चेन आणि अ‍ॅक्सल, तिन्हींशी छेडछाड झाली, तीही अनोळखी हातांनी. माझा आक्षेप आहे तो याला. पंक्चर तर सगळ्यांचंच होतं.

आता ट्यूबलेसचं बघा. चाक जागेवरच राहतं. साबणाचं पाणी टाकून बुडबुडे शोधा, जागेवर खडूने खूण करा. खिळा पकडीने ज्या कोनात शिरलाय त्याच कोनात ओढा. दातेरी सुई सोल्युशन लावून भोकात चारपाच वेळा आतबाहेर करा, म्हणजे कडा खरवडल्या जातात. इथे कंजूषपणा केला तर स्ट्रिप (भोक बुजवणारी चिकट रबरी दोरी) धरत नाही. दुसऱ्या सुईच्या डोळ्यात स्ट्रिप मध्यापर्यंत ओवा, सोल्युशन लावा, दोन्ही टोकं सेंटिमीटरभर बाहेर राहतील इतकी आत दाबा आणि सुई एका झटक्यात बाहेर काढा. उरलेली टोकं दोनतीन मिलिमीटर ठेवून कापा, हवा भरा, पुन्हा साबण लावून बघा. किट आणि छोटा पंप सीटखाली किंवा बॅगेत मावतो. सवय झाली की हे काम चहा पिऊन होईपर्यंत आटोपतं. पहिल्यांदा अर्थात जास्त वेळ लागेल, आणि सुई आत ढकलायला ताकद लागते हे कुणी आधी सांगत नाही.

मर्यादाही सांगतो. हे फक्त टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या भागापुरतं. बाजूची भिंत फाटली तर स्ट्रिप घालू नका. हवा गेलेल्या टायरवर तसंच चालवत राहिलात तर टायरची कड रिमवरून सुटते आणि मग हातपंपाने ती परत बसत नाही, कॉम्प्रेसरच लागतो. टायरला मोठी चीर गेली तर मॅगव्हीलमध्येही ट्यूब घालून घर गाठता येतं. तो दरवाजा उघडा असतो.

चाकाबरोबर आणखी काय येतं तेही बघा. हंटरच्या रेट्रोत मागे ड्रम ब्रेक आणि फक्त पुढच्या चाकाला एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा), मेट्रोत मागे डिस्क आणि दोन्ही चाकांना एबीएस. टायरही रेट्रोचे अरुंद. नव्याने शिकणाऱ्याने पावसात द्वारका सर्कलला मागचा ब्रेक दचकून दाबला तर हा फरक कळतो. (बुकिंगआधी त्या वर्षीच्या मॉडेलचा तपशील पुन्हा तपासून घ्या, बदलत राहतो.) २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. त्यातून वाचलेले पैसे क्रॅशगार्ड आणि भोंग्यावर उडवण्यापेक्षा वरच्या व्हेरिएंटच्या चाकांत घालावेत, असं आपलं माझं मत.

"स्पोकही हवेत आणि ट्यूबही नको" अशी सोय आहे, पण महाग. हिमालयन ४५० ला ट्यूबलेस स्पोकचा पर्याय मिळतो, त्यात तारा रिमच्या कडेला जोडलेल्या असल्याने हवेच्या जागेत भोक पडत नाही. साध्या स्पोक रिमला आतून टेप किंवा सीलंट लावून ट्यूबलेस करून देणारेही आहेत. मला ते पटत नाही. ट्यूबलेस रिमला टायरची कड धरून ठेवणारा उंचवटा असतो, तो साध्या रिमला बहुधा नसतो. हवा कमी झाल्यावर वळणात कड सुटली तर काय, याला त्यांच्याकडे उत्तर नसतं.

तेव्हा शहर, महामार्ग, वणी, सापुतारा, भंडारदरा एवढा पसारा असेल तर माझं मत मॅगव्हीलकडे, आणि मी घेतलीही तीच. जुन्या बाजाच्या गाडीला स्पोकच शोभतात हे कबूल. पार्किंगमध्ये शेजारी स्पोकवाली क्लासिक उभी राहिली की माझीही नजर आधी तिच्याकडेच जाते.

तरीही मन स्पोकवरच अडलं असेल, तर सोबत ठेवायच्या वस्तू अशा: दोन टायर लिव्हर, अ‍ॅक्सलच्या मापाचा लांब दांड्याचा पाना, व्हॉल्व्हची किल्ली, पंप आणि एक नवी ट्यूब. पुढचं-मागचं चाक वेगळ्या मापाचं असेल तर ट्यूब पुढच्या मापाची घ्या. पुढची ट्यूब मागच्या टायरमध्ये वेळ मारून नेते, मागची जाड ट्यूब पुढे नीट बसत नाही. ट्यूब जुन्या कापडात गुंडाळून ठेवा, नाहीतर पान्यावर घासून पिशवीतच भोक पडतं. आणि गाडी आल्यावर एखाद्या रविवारी घराच्या अंगणात मागचं चाक एकदा काढून परत बसवा. अ‍ॅक्सलचा नट कारखान्यातून किती घट्ट येतो ते तिथेच कळू दे, आणि बसवल्यावर पन्नासेक किलोमीटरनी तो पुन्हा एकदा तपासा.