हेग्राची निवेदकांसह फेरी: नबातियनांचा इतिहास वाचण्यासाठी

सौदी अरेबियातील अलउला शहराच्या उत्तरेला सुमारे २० किलोमीटरवर असलेले हेग्रा हे खडकात कोरलेल्या थडग्यांचे प्राचीन स्थळ स्वतःच्या मर्जीने फिरता येत नाही. आधी नोंदणी करून, ‘रावी’ म्हणवणाऱ्या स्थानिक निवेदकांबरोबरच ते पाहावे लागते. जॉर्डनमधील पेट्रा ही नबातियन या प्राचीन अरब लोकांची राजधानी मनसोक्त पायी भटकून पाहिलेल्याला हे बंधन जाचते. तरीही नबातियनांचा इतिहास समजून घेणे हा हेतू असेल, तर माझ्या मते हेग्राच उजवे ठरते.

त्याचे कारण शिल्पांत नसून लेखांत आहे. पेट्राच्या भव्य दर्शनी भागांवर मालकाचे नाव जवळजवळ सापडत नाही. हेग्राच्या ९४ अलंकृत थडग्यांपैकी कित्येकांच्या दारांवर मात्र कोरीव मजकूर आहे आणि तो एखाद्या खरेदीखतासारखा नेमका आहे: थडगे कोणाचे, आत कोणाला पुरायचे, ते विकले वा गहाण टाकले तर दुशारा देवाला किंवा राजाला किती दंड भरायचा, राजाच्या कारकिर्दीचे कितवे वर्ष, आणि काही ठिकाणी तर पाथरवटाचेही नाव. कमकम नावाच्या स्त्रीने आपल्या लेकीसह इसवी सनपूर्व १ मध्ये करवून घेतलेल्या थडग्याचा लेख वाचला, म्हणजे धूप आणि सुगंधी द्रव्यांच्या व्यापारावर सधन झालेल्या या समाजात स्त्रिया स्वतःच्या नावावर मालमत्ता बाळगत होत्या, हे स्पष्ट होते.

सर्वाधिक गर्दी अर्थातच कस्र अल-फरीदपाशी होते. एकाकी खडकात कोरलेल्या या थडग्याचा खालचा भाग ओबडधोबड राहिला असल्याने काम वरून खाली होत असे, हे पाहताक्षणी कळते. छायाचित्रे काढण्याच्या घाईत नेमके तेच नजरेतून सुटते.

निवेदनात समूद लोकांची कुराणातील कथा येणे स्वाभाविक आहे, कारण परंपरेने हे स्थळ त्यांच्याशी जोडलेले आहे. मात्र ही थडगी नबातियनांची आहेत हे त्यांवरील लेखच सांगतात. इसवी सन १०६ मध्ये रोमने नबातियन राज्य गिळंकृत केले, त्यानंतरही येथील लेखन थांबले नाही. २६७ मध्ये काब नावाच्या मुलाने आपली आई रकूश हिच्यासाठी कोरवलेला लेख नबातियन लिपीत आहे, पण त्याची भाषा बरीचशी अरबी आहे. आजची अरबी लिपी याच नबातियन लिपीतून घडत गेली, त्यामुळे हा वारसा मला थडग्यांच्या शिल्पांहून मोठा वाटतो.

फेरीतील थांब्यांचा वेळ ठरलेला असल्याने लेख वाचून दाखवण्याची विनंती रावींना सुरुवातीलाच करावी. दर्शनी भागांची मापे तर माहितीपत्रकातही मिळतात. इस्लिब डोंगरातील अरुंद घळ आणि तिच्या तोंडाशी खडकात कोरलेले मेजवानीचे दालन चुकवू नये. उन्हाळ्यात जाणे टाळावे.