पोराला भरती करताना 'डॉक्टर मोठा आहे का' एवढंच विचारू नका

भाचा सोळा वर्षांचा. रात्र रात्र झोप नाही, एकटाच बोलायचा, अंगारे-धुपारे सगळे करून झाले होते. मानसिक आजाराच्या उपचारासाठी भरती करायला दोन जागा समोर होत्या. तालुक्याला जवळचा दवाखाना, तिथं डॉक्टर एकटेच. दुसरी एस.टी.नं अडीच तासांवर, पण तिथं पूर्ण टीम. आम्ही लांबची निवडली आणि आजही तेच सांगेन. जीवावर बेतलं असेल तर मात्र जो दवाखाना जवळ असेल तिथं आधी पोचा.

टीममध्ये कोण काय करतं, ते आधी समजून घ्या. मनोविकारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर या विषयात शिकलेले डॉक्टर. निदान आणि गोळ्या त्यांच्याकडे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट गोळ्या देत नाहीत. ते चाचण्या घेतात, पोराशी तासभर बसून बोलतात. त्यांची दोन वर्षांची एम.फिल. किंवा तसंच मान्य शिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेची (आरसीआय) नोंदणी आहे का, हे बिनधास्त विचारा. नुसती 'समुपदेशक' पाटी म्हणजे हे शिक्षण नव्हे. कानात आवाज येतात, जीव द्यायची भाषा आहे, असं असेल तर आधी मनोविकारतज्ज्ञ. परीक्षेची धास्ती, घरातल्या मृत्यूचा धक्का, यासाठी सुरुवात सायकॉलॉजिस्टकडेही चालते.

डॉक्टरांचा राऊंड दहा मिनिटांचा. आधी मला राग यायचा. मग कळलं, त्या दहा मिनिटांमागे सिस्टरांची चोवीस तासांची वही असते. पोरगं किती झोपलं, काय जेवलं, कोणाशी बोललं. भाचा गोळी जिभेखाली धरून नंतर थुंकायचा, हे मला शेजारी बसून दिसलं नाही, सिस्टरांना तिसऱ्या दिवशी दिसलं. नाहीतर 'गोळी लागू पडत नाही' असं समजून डोस वाढला असता.

आणि सोशल वर्कर मॅडम. यांच्याविषयी गावात कोणी विचारत नाही, पण आपल्यासारख्या शेतीच्या घरासाठी मला त्याच सगळ्यांत मोलाच्या वाटल्या. शाळा, सरकारी योजना, पुढच्या तारखा, सगळं त्यांनी पाहिलं. पहिल्याच भेटीत त्यांनी बहिणीला विचारलं, "ताई, फवारणीचं औषध घरात कुठं ठेवता?" खाटेखाली, पोत्याआड. डॉक्टरांनी, मी, कोणीच हे विचारलं नव्हतं. त्याच दिवशी मेव्हण्यांनी डबे शेजाऱ्यांच्या गोदामात, कुलुपाच्या पेटीत हलवले.

2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार अठरा वर्षांखालच्या मुलाला भरती करण्याआधी दोघांनी वेगवेगळं तपासावं लागतं, त्यात एक मनोविकारतज्ज्ञ हवाच. मुलाला मोठ्यांपासून वेगळं ठेवावं लागतं आणि घरचं माणूस पूर्ण वेळ सोबत राहतं. मुलगी असेल तर बाईच. सोयाबीनची सोंगणी सुरू होती, बहीण-मेव्हण्यांना शेत सोडता येईना, म्हणून एकवीस दिवस मी राहिलो. हा मजुरीचा हिशेब आधीच करा. सोबत कोणी नको म्हणणाऱ्या आणि दवाखान्याच्या नोंदणीचा कागद दाखवायला टाळणाऱ्या जागेतून परत या. कुठून सुरुवात करावी हेच कळत नसेल तर 14416 वर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन लावा, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

सुट्टी होऊन दोन महिने झाले. परवा मॅडमचा फोन आला होता. दोनच गोष्टी विचारल्या: गोळ्या चालू आहेत ना, आणि पेटीची चाबी कोणाकडे आहे?