नागपूरच्या महालातल्या काकूंचे बाळंतिणीचे लाडू: खाण्यासाठी हो, केसांसाठी नाही

बाळ साडेतीन महिन्यांचं झालं आणि माझे केस जायला लागले. न्हाणीची जाळी रोज तुंबायची, उशीवर केस, पोळीच्या कणकेत केस. एकदा दुपारी लेक काही केल्या रडायचा थांबेना म्हणून मोजा काढून पाहिला, तर माझाच एक लांब केस त्याच्या पायाच्या बोटाला करकचून गुंडाळलेला! बोट लालबुंद. नखं कापायच्या कात्रीनं जीव मुठीत धरून तो केस कापला. तेव्हापासून मोजा उलटा करून झटकल्याशिवाय घालत नाही. तुम्हीही घालू नका.

त्याच आठवड्यात चुलत सासूबाईंनी या काकू सांगितल्या. महालात घरूनच करतात, फोन केला की दोन दिवसांत तयार. किलोला 900 रुपये, मोजून 28 लाडू. महाग वाटले, पण इतवारीत सध्याचा गोडंबीचा भाव विचारा, मग बोला.

लाडू खरंच झकास. फोडला की आत खारकेचा भरडा, भाजलेलं खोबरं, अळीव, आणि गोडंबी अख्खीच्या अख्खी, पूड करून लपवलेली नाही. तूप हाताला लागतं पण डब्याच्या तळाशी साचत नाही. जायफळ बेताचं. एकच खोट: पहिल्या खेपेला डिंक आतून कच्चा होता, दाढेला असा चिकटला की बस. सांगितल्यावर काकूंनी वाद न घालता अर्धा किलो बदलून दिला. रात्री दीड वाजता पाजायला उठलं की पोटात जी आग पडते, तिला हा एक लाडू पुरतो.

माझी तक्रार डब्यात येणाऱ्या कागदाची आहे. त्यावर छापलंय, ‘21 दिवसांत केस गळणे बंद’. खाली पथ्य: पालेभाजी नको, लिंबू-संत्री नको, तुरीचं वरण नको. सासूबाईंनी तो कागद फ्रिजवरच चिकटवला. मी महिनाभर लाडू, दूध, भाकरी आणि लाडवासोबत कपभर चहा यावर काढला. केस? आणखी जोरात.

शेवटी धंतोलीत डॉक्टरांकडे गेले. हिमोग्लोबिन 9.8, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) 9, दोन्ही कमी; थायरॉइड ठीक. त्या म्हणाल्या, गरोदरपणात इस्ट्रोजेन वाढलेलं असतं, त्यामुळे गळायचे केसही डोक्यावर टिकून राहतात. बाळंतपणानंतर ते उतरलं की थांबलेले सगळे दोन-चार महिन्यांनी एकदम निघतात. ते कुठल्याच लाडवानं थांबत नाही, आणि बहुतेकींचं वर्षभरात आपोआप जागेवर येतं. पण अंगात लोह नसेल तर त्यात भर पडते, ती आपण टाळू शकतो. बाळंतपणानंतर लोहाच्या गोळ्या 180 दिवस घ्यायच्या असतात. मी सव्वा महिन्यातच सोडल्या होत्या, पोट साफ होत नव्हतं म्हणून. हे सांगताना मान खाली गेली बापा.

मी सोबत केसांसाठीच्या बायोटिनच्या गोळ्याही दाखवल्या (त्यावर किती उडवले ते नवऱ्याला माहीत नाही). त्यांनी आधी हेच विचारलं की तपासणीआधी घेतल्या होत्या का, कारण त्यानं थायरॉइडचा रिपोर्टही चुकीचा येऊ शकतो. नशीब, डबी उघडलीच नव्हती.

आता लोहाची गोळी लिंबूपाण्यासोबत, चहा त्यानंतर दीड-दोन तासांनी, कारण लिंबानं लोह अंगी लागतं आणि चहानं अडतं. वरण, उकडलेली अंडी, मेथी, जवसाची चटणी सगळं सुरू. फेब्रुवारीत मृग बहाराची संत्री आली, तीही खाल्ली. बाळाला सर्दी होईल म्हणत सासूबाई दोन दिवस नाकाकडे बघत होत्या, काही झालं नाही. लाडूही चालूच आहे, रोज एक. आठव्या महिन्यात कपाळाच्या कडेला बोटभर केस उभे राहिलेत, भांग पाडला की हेकट पोट्ट्यांसारखे ताठ.

परवा वहिनीसाठी एक किलो सांगितला, तिला सातवा लागलाय. म्हटलं, काकू, तेवढा कागद नका टाकू. त्या हसल्या, ‘अगं, हजार छापून ठेवलेत, संपवायचे तरी कसे?’