जेंटल लेडी: एक सीझन उडवल्यानंतर, मुख्यतः नाकातल्या शिशाबद्दल

माझ्या जेंटल लेडीच्या, म्हणजे रिमोटवर उडणाऱ्या बिनमोटरच्या मॉडेल ग्लायडरच्या, एलेव्हेटरचा (शेपटीवरची, नाक वर-खाली करणारी पट्टी) सर्वो (ती पट्टी हलवणारं छोटं यंत्र) गेला आणि विकणाऱ्याने बदलून द्यायला सरळ नकार दिला, तेव्हा म्हटलं आता लिहूनच टाकूया. उतरताना शेपटी उंच गवतात अडकली आणि आतल्या प्लॅस्टिक गिअरचे दात उडाले. त्यावर त्यांचं उत्तर, हा क्रॅश आहे, वॉरंटीत बसत नाही. अहो, ग्लायडरला चाकं नसतात, तो गवतात पोटावरच उतरतो! नऊ ग्रॅमवाला सर्वो, किंमत फार नाही, पण पैसे गेल्याचा राग किमतीवर थोडाच ठरतो.

किट कार्ल गोल्डबर्ग कंपनीचं जुनं, डाय-कट लाकडाचं, म्हणजे लाकडी भाग साच्याने आधीच कापलेले. ती कंपनी शिकागोची आणि मी शिकागोच्या उपनगरात राहतो, त्यामुळे इथल्या एका गराज सेलमध्ये न उघडलेला डबा ४० डॉलरला मिळाला तेव्हा फार आनंद झाला होता. स्पॅन (पंखाची टोकापासून टोकापर्यंतची लांबी) सव्वाअठ्ठ्याहत्तर इंच, म्हणजे दोन मीटर क्लासच्या मर्यादेत जेमतेम बसणारा, रडर (शेपटीवरची, डावी-उजवीकडे वळवणारी पट्टी) आणि एलेव्हेटर एवढे दोनच चॅनल, हे सगळं तुम्हाला माहीत असेलच. डाय-कट रिब्स (पंखाच्या आतल्या फासळ्या) ढकलून काढायला गेलात तर फाटतात, शीटची मागची बाजू आधी सँडपेपरने घासून घ्या, मग अलगद सुटतात. हिवाळाभर बेसमेंटमध्ये बांधलं, बांधणी सोपी आहे, त्यावर जास्त लिहीत नाही.

आता शिसं. प्लॅन ज्या काळातला आहे तेव्हा सर्वो मोठे, रिसिव्हर मोठा आणि चार सेलचा निकॅड बॅटरी पॅक, हे सगळं वजन पुढे बसणार असं धरूनच नाकाची लांबी ठरवलेली. आपण आज चिमुकले सर्वो आणि छोटी लिपो बॅटरी टाकतो आणि सीजी (विमानाचा तोल जिथे साधतो तो बिंदू) प्लॅनवरच्या खुणेच्या कितीतरी मागे जातो. माझ्या विमानात नाकात ८५ ग्रॅम शिसं भरावं लागलं! एवढं निवडून हलकं बालसा लाकूड वापरायचं, गोंद थेंब थेंब मोजून लावायचा आणि शेवटी मुठभर शिसं कोंबायचं, मला हे सहन होत नव्हतं. सीजीपासून शेपटीचं अंतर नाकाच्या जवळजवळ अडीचपट आहे, म्हणजे मागे १० ग्रॅम वाढले की पुढे २५ ग्रॅम भरा, म्हणून मागची फिल्मसुद्धा (सांगाड्यावर चढवायचं प्लॅस्टिकचं आवरण) मी पातळ घेतली होती, तरी एवढं. दोन महिने मी ज्याला त्याला सांगत होतो की डिझाइन छान आहे पण नाक आखूड आहे.

सर्वो मेल्यावर मत बदललं. नवीन विकत घ्यायचा नाही असं ठरवून ड्रॉवरमधले जुने स्टँडर्ड साइजचे दोन सर्वो काढले, प्रत्येकी ४० ग्रॅमच्या आसपास, आणि प्लॅनमध्ये दाखवलेल्या जागी बसवले तर ते तिथे असे बसले की काही कापावं लागलं नाही. लिपो काढून चार एए एनआयएमएच (रिचार्जेबल) सेलचा पॅक अगदी नाकाच्या टोकाला ठेवला, तो ११० ग्रॅम भरतो. बॅलन्स बघितला आणि शिसं पूर्ण बाहेर! एक ग्रॅमही नाही. एकूण वजन ८०० वरून ८४० झालं, म्हणजे वाढलंच, पण पंखाचं क्षेत्रफळ ६६३ चौरस इंच आहे, त्यामुळे विंग लोडिंग (पंखाच्या क्षेत्रफळामागे येणारं वजन) दर डेसिमीटर वर्गाला जेमतेम एक ग्रॅमने वाढलं, आणि हे वजन काम करतं, बॅटरी दुपारभर पुरते, गिअर जाड आहेत. नाक आखूड नव्हतं.

त्यानंतर डाइव्ह टेस्ट केली. उंचीवर गेल्यावर हलकासा डाइव्ह देऊन स्टिक सोडायची, नाक झपकन वर आलं तर नाक जड, आणखी खाली घुसलं तर शेपटी जड. माझं सावकाश वर येत होतं, म्हणून बॅटरी थोडी मागे सरकवली, तेवढ्यानेच वळणं मोकळी झाली. मग एका दुपारी हायस्टार्टवरून सोडलं (विमान वर खेचणारी मोठी गलोलच: शंभर फूट रबरी ट्यूब, चारशे फूट दोरी) आणि पार्किंग लॉटच्या वर डावा पंख आपोआप उचलला गेला, म्हणजे त्या बाजूला वर चढणारी गरम हवा. मी डावीकडेच वळवलं, आणि विमान गोल फिरत चढत राहिलं, इतकं की पारदर्शक फिल्मच्या रिब्स दिसेनाशा झाल्या आणि मला मुद्दाम खाली आणावं लागलं. एलेरॉन (पंखावरच्या हलणाऱ्या पट्ट्या) नाहीत, मोटर नाही, फक्त पॉलिहेड्रल (टोकांकडे टप्प्याटप्प्याने वर उचललेला पंख) आणि रडर, आणि ते इतकं प्रेमाने वळतं की जवळ उभ्या असलेल्या माझ्या मुलीने रिमोट मागून घेतला.

पंख रबर बँडनेच बांधतो, बोल्ट लावायचा विचार होता पण पंख गवतात अडकला तर रबर सुटतं आणि पंख वाचतो, त्यामुळे तो बदल रद्द. उतरायला मात्र ही बाई लवकर तयार होत नाही, तरंगत राहते, छोट्या मैदानात स्पॉइलर (पंखाची उचल कमी करणाऱ्या झडपा) हवेतच, या हिवाळ्यात ते बसवणार आहे.

कोणाला असा जुना डबा सापडला तर सर्वो आधी विकत घेऊ नका. फिल्म चढवून सांगाडा पूर्ण होऊ द्या, घरात पडलेले जड सर्वो आणि एए पॅक आत ठेवून बॅलन्स बघा, आणि मगच पैसे खर्च करा.