‘टूर द फ्रान्स’ दाखवायला नेतो असे सांगून झालेली फसवणूक : मराठवाड्यातील सायकलप्रेमींसाठी

गेल्या काही आठवड्यांपासून छत्रपती संभाजीनगर, जालना आणि नांदेड येथील सायकलप्रेमींच्या व्हॉट्सॲप गटांमध्ये एक पत्रक फिरत आहे. जुलै २०२६ मधील ‘टूर द फ्रान्स’ ही फ्रान्समधील सायकल शर्यत प्रत्यक्ष पाहण्यासाठी सहल, तेथील आल्प द्यूएझच्या घाटात ‘राखीव प्रेक्षक पास’, संघांतील खेळाडूंची भेट आणि व्हिसाची हमी, असा त्यातला मजकूर आहे. सहल नेणाऱ्याचे नाव वेगळे दिसते. परंतु पत्रकाची भाषा, पासाचा नमुना आणि हप्त्यांची मांडणी २०२४ साली ज्या माणसाने आमच्याकडून पैसे घेतले त्याच्या पत्रकाशी जवळजवळ शब्दशः जुळते. म्हणून आमच्या बाबतीत काय घडले ते तपशिलाने लिहीत आहे. प्रकरण तपासाधीन असल्याने त्या माणसाचे नाव येथे देत नाही.

आमचा गट दौलताबाद, खुलताबाद आणि वेरूळच्या रस्त्यावर पहाटे सायकल चालवणाऱ्यांचा आहे. डॉक्टर, शिक्षक, व्यापारी, बँकेतील कर्मचारी असे सर्व त्यात आहेत आणि कन्नडचा औट्रम घाट चढून येणे हा आमच्यासाठी वर्षातला मोठा दिवस असतो. जुलै महिन्यात फ्रान्सची वेळ आपल्या साडेतीन तास मागे असल्यामुळे टूरच्या टप्प्याचा शेवट आपल्याकडे रात्री नऊच्या सुमारास होतो आणि दुकान-दवाखाना आटोपून तो निवांत पाहता येतो. २०२० साली शेवटून दुसऱ्या दिवशी तादेय पोगाचारने प्रिमोझ रोग्लिचकडून एकूण आघाडीची पिवळी जर्सी हिसकावून घेतली, तो टप्पा आम्ही सर्वांनी एकत्र बसून पाहिला होता. तेव्हापासून, आयुष्यात एकदा तरी त्या रस्त्याच्या कडेला उभे राहायचे, ही इच्छा गटात प्रत्येकाच्या मनात होती. २०२४ च्या शर्यतीत ब्रिटिश सायकलपटू मार्क कॅव्हेंडिश बेल्जियमच्या एडी मर्क्सचा ३४ टप्पाविजयांचा विक्रम मोडण्यासाठी उतरणार होता, त्यामुळे ती इच्छा अधिकच तीव्र झाली होती.

ऑक्टोबर २०२३ मध्ये पॅरिसमध्ये पुढील वर्षाचा मार्ग जाहीर झाला आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत हा माणूस आमच्या संपर्कात आला. जालना रोडवरील एका हॉटेलात त्याने आमच्यासाठी बैठक घेतली. त्याला शर्यतीची खरी माहिती होती, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. गालिबिए घाटाची उंची, पिवळ्या, हिरव्या आणि ठिपक्यांच्या जर्सीचे नियम, पॅरिस ऑलिंपिकमुळे त्या वर्षी शर्यतीचा शेवट पॅरिसऐवजी नीस येथे होणार आहे ही बाब, असे सर्व तो अस्खलितपणे बोलत होता. आपण संयोजकांचे ‘भारतातील भागीदार’ आहोत असे त्याने सांगितले आणि आल्प्समधील स्वतःची म्हणून काही छायाचित्रे दाखवली. माणशी २ लाख ६० हजार रुपयांत विमान, व्हिसा, निवास, भाड्याची सायकल, अखेरच्या तीन टप्प्यांचे ‘अधिकृत फॅन पास’, एका संघाच्या बसमध्ये खेळाडूंची भेट आणि ‘संयोजकांचे भेटवस्तूंचे संच’ असे सारे त्यात समाविष्ट होते.

या यादीतील कोणत्या गोष्टी मुळात विकण्यासारख्याच नाहीत, हे समजले तर पुढची निम्मी फसवणूक टळते. टूर द फ्रान्स ही २१ टप्प्यांची, दोन विश्रांतीच्या दिवसांसह सुमारे तीन आठवडे चालणारी शर्यत सार्वजनिक रस्त्यांवरून जाते आणि त्या रस्त्याच्या कडेला उभे राहण्यासाठी कोणताही पास लागत नाही. पैठणहून नाथांची पालखी पंढरीकडे निघते तेव्हा वाटेवरच्या गावात दर्शनाला उभे राहण्यासाठी जसे कोणी तिकीट विकू शकत नाही, तसेच हे आहे. शेवटच्या रेषेजवळचे मंडप, आदरातिथ्याचे कक्ष, शर्यतीच्या ताफ्यातील मोटारीत बसून जाणे अशा काही गोष्टी मात्र खरोखर विकल्या जातात. त्या संयोजक कंपनी आणि तिने मान्यता दिलेल्या सहल कंपन्या विकतात, आणि त्या कंपन्यांची नावे शर्यतीच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहता येतात. ‘भेटवस्तूंचा संच’ म्हणजे काय, तर खेळाडू येण्यापूर्वी साधारण दोन तास आधी जाहिरातदारांच्या सजवलेल्या गाड्यांचा ताफा जातो आणि त्यातून टोप्या, किल्ल्यांच्या साखळ्या, खाऊची पाकिटे लोकांकडे फेकली जातात. ते कोणालाही मिळते. संघांच्या बसगाड्याही टप्प्याच्या प्रारंभस्थळी उभ्या असतात आणि अडथळ्यांच्या बाहेर चाहते गर्दी करून खेळाडूंना पाहतात. बसच्या आत मात्र संघाची परवानगी नसेल तर कोणी जाऊ शकत नाही.

२०२४ च्या पत्रकातील दुसरी बाब मला आज सर्वांत बोलकी वाटते. १९ जुलै रोजी एम्ब्रं येथून सुटणारा टप्पा सकाळी प्रारंभस्थळी पाहायचा आणि त्याच दिवशी बसने इझोला २००० येथे पोहोचून त्याचा शेवट पाहायचा, असा कार्यक्रम त्यात छापला होता. तो टप्पा १४४.६ किलोमीटरचा होता आणि व्हार घाटानंतर तो २,८०२ मीटर उंचीच्या बोनेटच्या माथ्यावरून जात होता. शर्यतीचा रस्ता खेळाडू येण्याच्या कित्येक तास आधी वाहनांना बंद होतो, आणि डोंगरमाथ्यावर संपणाऱ्या टप्प्यात शेवटच्या चढाचा रस्ता तर त्याहून आधी बंद करण्यात येतो. म्हणूनच अनुभवी चाहते आदल्या दिवशी, किंवा त्याही आधी, आपल्या गाड्या घेऊन घाटात मुक्कामाला जातात आणि बाकीचे पहाटे पायी किंवा सायकलने वर चढतात. प्रारंभस्थळी खेळाडूंना निरोप देऊन, डोंगररांगेला वळसा घालून, त्यांच्या आधी बंद घाटाच्या माथ्यावर बस नेणे अशक्य आहे. ज्याने एकदा जरी एखादी सहल तेथे नेली असेल त्याने असा कार्यक्रम कधीच छापला नसता. हे वाक्य मी नव्या पत्रकाकडे बोट दाखवून लिहीत आहे, कारण त्यातही एकाच दिवशी टप्प्याचा प्रारंभ आणि आल्प द्यूएझवरील शेवट दाखवण्याचे आश्वासन आहे.

पैसे घेण्याची पद्धत अशी होती. प्रथम ५० हजार रुपये ‘जागा राखीव’ करण्यासाठी, नंतर उरलेली रक्कम दोन हप्त्यांत, आणि ठरावीक तारखेपूर्वी भरल्यास सवलत. खाते कोणत्याही कंपनीच्या नावाचे नव्हते; यूपीआयने, मर्यादेमुळे तुकडे करून, दोन वेगवेगळ्या व्यक्तींच्या खात्यांवर रक्कम पाठवायला त्याने सांगितले आणि कंपनीचे चालू खाते ‘लेखापरीक्षणासाठी तात्पुरते बंद’ असल्याचे कारण दिले. यात एक गोष्ट लक्षात ठेवावी. परदेश सहलीचे पॅकेज विकणाऱ्याला ग्राहकाकडून टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा केला जाणारा आयकर, वसूल करावा लागतो. त्या काळात सात लाखांपर्यंतच्या रकमेवर तो पाच टक्के होता. त्यासाठी विक्रेता पॅन क्रमांक मागतो, पावती देतो आणि भरलेली रक्कम आयकर खात्याकडील आपल्या नोंदीत दिसते. या माणसाने आमच्यापैकी कोणाचाही पॅन मागितला नाही आणि ‘तुमचा टीसीएस मी वाचवून देतो’ हे तो आमच्यावरील उपकार म्हणून सांगत असे. जीएसटी क्रमांक असलेले बिलही शेवटपर्यंत मिळाले नाही. मिळाल्या त्या व्हॉट्सॲपवरील रंगीत पावत्या.

व्हिसाच्या बाबतीत झालेले नुकसान पैशांपेक्षा मोठे आहे. फ्रान्ससाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी अर्जदाराला स्वतः जाऊन बोटांचे ठसे द्यावे लागतात, म्हणून मे महिन्यात आम्ही सर्व मुंबईला जाऊन आलो. अर्ज स्वीकारणारे केंद्र फक्त कागदपत्रे घेते. निर्णय वाणिज्य दूतावासाचा असतो आणि त्याची हमी जगातील कोणताही मध्यस्थ देऊ शकत नाही. ११ जूनपासून व्हिसाचे शुल्क ८० युरोवरून ९० युरो झाले, तेव्हा त्याने ‘वाढीव शुल्क’ म्हणून माणशी ६ हजार रुपये आणखी मागवले. वाढ दहा युरोची, म्हणजे सुमारे ९०० रुपयांची होती, आणि आमचे अर्ज तर त्याआधीच शुल्कासह जमा झालेले होते. पुढे काही जणांना व्हिसा मिळाला, काहींना नकार आला. नकाराच्या पत्रात मुक्कामाचा उद्देश आणि व्यवस्था याविषयीची माहिती विश्वासार्ह नसल्याचे कारण नमूद होते. अर्जाला जोडलेली हॉटेलची आरक्षणे विनाशुल्क रद्द करता येणारी होती आणि ती त्याने अर्ज जमा होताच एकेक करून रद्द केली होती, हे आम्हाला नंतर हॉटेलकडूनच कळले. जालन्याच्या एका निवृत्त शिक्षकांनी आयुष्यभर कोणाची एक पै बुडवली नाही. त्यांना आता अनेक देशांच्या व्हिसा अर्जांत पूर्वी नकार मिळाल्याचे लिहावे लागते. त्यांचा तो अपमान मला माझ्या पैशांहून अधिक लागतो.

निघण्याच्या काही दिवस आधी विमान कंपनीच्या संकेतस्थळावर आम्ही पीएनआर तपासला, तेव्हा त्या क्रमांकाचे आरक्षणच अस्तित्वात नव्हते. पैसे न भरता काही काळापुरती जागा धरून ठेवता येते आणि तेवढ्यापुरता खरा पीएनआर तयार होतो. व्हिसा अर्जाला जोडलेली तिकिटे त्या प्रकारची होती. त्या संध्याकाळपासून त्याचा फोन बंद झाला. आमच्यापैकी ज्यांच्याकडे व्हिसा होता आणि ज्यांना नव्याने खर्च करणे शक्य होते असे आम्ही तिघे स्वतः तिकिटे काढून नीसला गेलो. दोन पर्वतीय टप्पे हुकले, परंतु २१ जुलैची मोनॅको ते नीस ही ३३.७ किलोमीटरची वैयक्तिक टाइम ट्रायल पाहता आली. तेथे शेवटच्या रेषेजवळील एका प्रवेशद्वारावर आम्ही ते लॅमिनेट केलेले ‘फॅन पास’ दाखवले. तेथील कर्मचाऱ्याने क्यूआर कोड तपासला, त्यातून केवळ एक चित्र उघडले. त्याने पास परत दिला आणि समोरच्या लोखंडी कठड्याकडे हात करून, तेथे कोणीही उभे राहू शकते, असे सौजन्याने सांगितले. टाइम ट्रायलमध्ये खेळाडू एकेक करून, एकूण क्रमवारीच्या उलट्या क्रमाने सुटतात, त्यामुळे कित्येक तास प्रत्येक जण जवळून दिसतो. ३ जुलैला ३५वा विजय मिळवून विक्रम मोडलेला कॅव्हेंडिश आमच्या समोरून गेला, आणि सर्वांत शेवटी पिवळ्या जर्सीतला पोगाचार, ज्याने तो टप्पाही जिंकला. जे पाहण्यासाठी आमच्या मित्रांनी अडीच लाखांवर रुपये मोजले होते ते विनामूल्य होते, आणि ते मित्र मात्र घरी बसून होते.

परत आल्यावर आम्ही सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली, त्यानंतर पोलिसांकडे लेखी फिर्याद दिली. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली असली तरी आमचे पैसे त्यापूर्वी घेतले गेल्याने गुन्हा जुन्या भारतीय दंड विधानाच्या कलम ४२० खाली नोंदला गेला. तोपर्यंत दोन्ही खात्यांतील रक्कम काढून घेतलेली होती. एका खात्यात उरलेले थोडे पैसे गोठवता आले. पैसे गेल्यानंतर काही तासांत १९३० वर कळवले तर रक्कम वाटेतच थांबवता येण्याची शक्यता बरीच असते. ग्राहक आयोगाकडेही आम्ही दाद मागितली आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगात तक्रार करता येते, त्यासाठी विक्रेत्याच्या शहरात खेटे घालावे लागत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला शुल्क नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे.

आता नव्या पत्रकाविषयी. २०२६ ची शर्यत ४ जुलैला बार्सिलोना येथून सुरू होणार असून २४ आणि २५ जुलै असे सलग दोन दिवस टप्पे आल्प द्यूएझवर संपणार आहेत, हे खरे आहे, आणि त्यामुळेच या पत्रकाकडे लोक आकर्षित होत आहेत. परंतु २१ क्रमांकित वळणांच्या त्या १३.८ किलोमीटरच्या चढावर ‘राखीव जागेचा पास’ म्हणून जे माणशी ४० हजारांना विकले जात आहे, तसा कोणताही पास घाटाच्या कडेला उभे राहण्यासाठी लागत नाही. ज्यांना हे पत्रक आले आहे त्यांनी विकणाऱ्याकडे जीएसटी बिल, टीसीएसची पावती आणि संयोजकांच्या मान्यताप्राप्त यादीतील कंपनीचे नाव मागावे, हॉटेलला स्वतः फोन करून आरक्षण रद्द करता येणारे आहे का ते विचारावे, आणि व्यक्तीच्या नावावरील खात्यात एक रुपयाही पाठवू नये. ज्यांनी आधीच टोकन दिले आहे त्यांनी यूपीआयचे व्यवहार क्रमांक, पावत्या आणि पासाची छायाचित्रे न पुसता जपून ठेवावीत, आजच १९३० वर कळवावे आणि आपल्या जिल्ह्याच्या सायबर पोलिस ठाण्यात फिर्याद देताना आमच्या फिर्यादीवरून नोंदलेल्या २०२४ च्या प्रकरणातील गुन्ह्याचा उल्लेख करावा; दोन्ही प्रकरणांतील खाती एकाच व्यक्तीपर्यंत पोहोचतात का, हे तपासण्यासाठी या नव्या पावत्यांची गरज आहे.