'द जनरल' बघाच, आणि घरात कोणी रेल्वेतलं असेल तर त्यांना शेजारी बसवून बघा

मूकपट म्हटलं की आमच्याकडे कोणी थांबत नाही, पण मागच्या रविवारी विनोदी नट-दिग्दर्शक बस्टर कीटनचा 'द जनरल' (१९२६) लावला आणि आजोबा जेवायचे थांबले. आजोबा भुसावळला वाफेच्या इंजिनावर फायरमन, म्हणजे भट्टीत कोळसा टाकणारे, होते, सिनेमात रेल्वे आली की पाच मिनिटांत चुका काढतात. इथे मात्र "अरे हा खरंच चालवतोय रे इंजिन" असं तीनदा म्हणाले.

गोष्ट १८६२ची, अमेरिकेतल्या उत्तर विरुद्ध दक्षिण यादवी युद्धातली. जॉनी ग्रे (कीटन स्वतः) या ड्रायव्हरचं 'जनरल' नावाचं लाडकं इंजिन उत्तरेचे हेर पळवतात, त्याच गाडीत त्याची प्रेयसी ॲनाबेल अडकते, मग हा आधी धावत, मग ढकलट्रॉलीवर, मग सायकलवर आणि शेवटी दुसरं इंजिन घेऊन एकटाच मागे लागतो. अशी इंजिनचोरी अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात खरंच झाली होती.

आता कॉमेडी. रुळावर आडवा टाकलेला स्लीपर (रुळांखाली घालतात तो लाकडी ओंडका) आहे, गाडी थांबत नाहीये, हा इंजिनाच्या पुढच्या जाळीवर बसलाय आणि हातात अजून एक जड स्लीपर, तो नेमका पहिल्याच्या टोकावर आपटतो आणि दोन्ही उडून बाजूला! ट्रिक नाही, डुप्लिकेट नाही, अंदाज चुकला असता तर माणूस गेलाच असता. आणि चेहरा? ढिम्म. त्या चेहऱ्यावरच आम्ही सगळ्यात जास्त हसलो. तोफेचा सीन सांगत नाही, स्वतः बघा.

हे इंजिन लाकडावर चालतं. इंजिन सोडवून दोघं परत येताना ॲनाबेल भोक पडलेला ओंडका नको म्हणून फेकून देते आणि एक चिमुकली काडी भट्टीत टाकते, तिथे आजोबा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले, कारण भट्टी किती खाते ते त्यांनी फावड्याने अनुभवलंय.

जळत्या पुलावरून इंजिन नदीत कोसळतं ते मॉडेल नाही, खरं इंजिन, खरा पूल, एकाच टेकमध्ये. शूटिंग अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यातलं, इंजिन पुढे कित्येक वर्षं तिथेच पाण्यात पडून होतं. एवढं करून पिक्चर तेव्हा आपटला आणि त्यानंतर कीटनचं मनासारखे सिनेमे काढायचं स्वातंत्र्य गेलं, हे वाचून मला फार वाईट वाटलं.

खटकलं ते एकच पण मोठं आहे, हिरो गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेच्या बाजूचा आणि पिक्चर गुलामगिरीबद्दल अवाक्षर काढत नाही. शेवटची लढाईपण जरा लांबते.

साधारण सव्वा तासाचा आहे, यूट्यूबवर फुकट मिळतो, म्युझिक प्रत्येक कॉपीत वेगळं असतं म्हणून दोन-तीन चाळून घ्या. मधे येणाऱ्या संवादांच्या पाट्या इंग्लिश आहेत पण थोड्याच, आजोबांना मी वाचून दाखवल्या, अर्ध्यानंतर ते म्हणाले, "राहू दे, कळतंय मला."