मुतखड्यानंतर ऑक्झलेट सांभाळताना: काही महिन्यांनंतरचा अनुभव

खडा कॅल्शियम ऑक्झलेटचा निघाला (ऑक्झलेट म्हणजे पालक, बदाम अशा पदार्थांत असणारा एक घटक), आणि ज्याला त्याला सांगावं त्याचा पहिला सल्ला एकच: दूध-दही बंद कर. आहारतज्ज्ञ बाईंनी बरोबर उलटं सांगितलं. आज कुणी विचारलं तर मी पहिल्यांदा हेच सांगतो, की दही-ताक जेवणाबरोबरच घ्या. कॅल्शियम आणि ऑक्झलेट आतड्यात एकमेकांना बांधून घेतात आणि शौचावाटे निघून जातात, त्यामुळे मूत्रपिंडापर्यंत ऑक्झलेट कमी पोचतं. इटलीत पाच वर्षं चाललेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही कॅल्शियम तोडणाऱ्यांपेक्षा नेहमीइतकं कॅल्शियम घेऊन मीठ व मांसाहार कमी करणाऱ्यांना पुन्हा खडे कमी झाले.

पालक मात्र पूर्ण सुटला. उकडून पाणी फेकलं तर ऑक्झलेट बरंच कमी होतं, पण पालकात मुळातच ते इतकं असतं की मला ती खटपट परवडली नाही. मेथी, कोबी, दुधी, कांद्याची पात यांवर भाजी भागते. अळूचं फदफदं लग्नाच्या पंगतीत समोर आलं तर चार घास, सोबत मठ्ठा. रोजचे भिजवलेले बदाम बंद झाले, याचं आईला अजून वाईट वाटतं.

खरी अडचण उपवासाची. रताळं, राजगिरा, शेंगदाण्याचं कूट, म्हणजे ज्याच्यावर नजर ठेवायची तेच सगळं एका ताटात. एकादशीला मी भगर खातो, शेंगदाण्याची आमटी दोन पळ्या आणि वाटीभर दही. रताळ्याचा कीस घरच्यांसाठी.

मिठाकडे लोक फार कमी लक्ष देतात. सोडियम वाढलं की लघवीतून कॅल्शियम जास्त जातं. नाशिकात राहून रविवारची मिसळ सोडणं मला जमणारं नव्हतं आणि जमवायचंही नव्हतं. मग पापड, लोणचं आणि घरातल्या डब्यातला फरसाण गेला. व्हिटॅमिन सीच्या मोठ्या डोसच्या गोळ्याही डॉक्टरांनी थांबवल्या, कारण शरीरात त्यातल्या काही भागाचं ऑक्झलेट बनतं.

सगळ्यात जड गेलं ते पाणी. लक्ष्य लघवीचं आहे, दिवसाला अडीच लिटर. अंबडच्या कारखान्यात एप्रिल-मे महिन्यांत घामावाटेच इतकं जातं की तीन लिटर पिऊनही लघवी पिवळीच राहायची. आता बाटली मशीनपाशीच असते आणि दुपारी बिनसाखरेचं, चिमूटभरही मीठ न घातलेलं लिंबूपाणी. लिंबातलं सायट्रेट खडा धरायला अडथळा करतं.

चोवीस तासांच्या लघवीच्या तपासणीत पहिल्यांदा ऑक्झलेट मर्यादेच्या वर होतं, आता आत आहे. नवीन सोनोग्राफीत नवा खडा नाही. एवढ्यावर कायमचं सुटलो म्हणणार नाही, पण हे जेवण मी पुढेही चालू ठेवणार, कारण ते जमतं.

सुरू करण्याआधी एक करा: पडलेला खडा गाळून लॅबमध्ये द्या. युरिक ॲसिडचा असेल तर पथ्य वेगळं असतं, आणि पालक सोडल्याचा काही फायदा होणार नाही.